देवमाशाचे पारायण

नाताळचे गोठे अजून आवरलेले नसतात आणि तीन राजांचा सण तोंडावर आलेला असतो. अशा जानेवारीच्या पहिल्या दिवसांत अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यू बेडफर्ड या बंदरगावात दरवर्षी एक आगळा सोहळा होतो. तेथील देवमाशांच्या शिकारीविषयीच्या संग्रहालयात शनिवारी दुपारी बारा वाजता एक माणूस उभा राहून हर्मन मेलव्हिलच्या ‘मोबी डिक’ या कादंबरीचे पहिले पान मोठ्याने वाचू लागतो. पाच-सात मिनिटांनी दुसरा उठतो, मग तिसरा. रात्र सरते, बाहेर हिमवर्षाव होवो वा न होवो, आत वाचन अखंड चालू राहते. रविवारी दुपारी, सुमारे पंचवीस तासांनी, शेवटचे पान वाचून होते. १९९७ साली सुरू झालेला हा प्रघात आजही चालू आहे.

न्यू बेडफर्डची लोकवस्ती एक लाखाच्या आसपास. २०११ च्या शिरगणतीत वसई-विरारमध्ये बारा लाखांवर माणसे मोजली गेली, हे लक्षात घेतले तर आपल्या दृष्टीने ते लहानसे गावच. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास देवमाशाच्या तेलाच्या व्यापारात जगात त्याची बरोबरी करणारे बंदर नव्हते. घरोघरीचे दिवे त्या तेलावर जळत. पुढे १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि हा धंदा ओसरू लागला. गाव मात्र समुद्राला धरून राहिले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत उतरलेल्या मासळीच्या मोलाने पाहता अमेरिकेतील बंदरांत त्याचाच क्रमांक पहिला होता. १८४१ च्या जानेवारीत एकवीस वर्षांचा मेलव्हिल याच खाडीतून, समोरच्या फेअरहेवनच्या धक्क्यावरून, ‘अकुशनेट’ गलबतावर खलाशी म्हणून निघाला. वाचनोत्सवासाठी जानेवारीचे पहिले दिवस निवडले जातात ते त्या प्रयाणाची आठवण म्हणून.

हा सोहळा इंटरनेटवरून घरबसल्या पाहता येतो. तेथील शनिवारची दुपार म्हणजे आपल्याकडील रात्रीचे साडेदहा. प्रस्तुत लेखकाने तो असाच, झोप आणि रविवारची मिस्सा यांच्या मधल्या वेळात, तुकड्यातुकड्यांनी पाहिला आहे. पाहताना एक प्रश्न मनात घर करून राहिला. एखादी साहित्यकृती समाजाने एकत्र बसून वाचली, तर त्या कृतीचे काय होते? ती उजळते, की उत्सवाच्या गर्दीत हरवते? प्रश्न समीक्षेचा आहे. पण ज्या समाजाच्या पदरी स्वतःचा एक थोर श्राव्य ग्रंथ आहे, त्या आपल्या समाजाला तो केवळ समीक्षकांवर सोडून देता येणार नाही.

प्रथम ग्रंथाविषयी थोडे. पांढऱ्या देवमाशाने ज्याचा पाय तोडला आहे, असा अहाब नावाचा एक नाखवा सूडाने पेटून जगाचे सागर पालथे घालतो आणि अखेरीस आपल्याबरोबर गलबतालाही रसातळाला नेतो. एवढीच ही कथा. पण ती १३५ प्रकरणे आणि एका उपसंहारात पसरली आहे. कथा सांगतो तो इश्माएल. नावांपासूनच बायबल या कादंबरीच्या नसानसांत भिनलेले आहे. हागारेचा टाकून दिलेला पुत्र इश्माएल, नाबोथाच्या द्राक्षमळ्याचा लोभ धरणारा राजा अहाब, ईयोबाचा मित्र बिल्दद, संदेष्टा एलिया, आपल्या लेकरांसाठी आक्रंदणारी राहेल हे सारे या पानांत भेटतात, कुणी माणूस होऊन, कुणी गलबत होऊन. पेक्वाड हे गलबत किनारा सोडते तो दिवसही नाताळचाच. प्रभूच्या जन्मदिनी ही माणसे सूडाच्या प्रवासाला निघतात, हा विरोध मेलव्हिलने कोणतेही भाष्य न करता मांडला आहे.

१८५१ साली ही कादंबरी प्रथम लंडनमध्ये आणि काही आठवड्यांनी न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाली. लंडनच्या आवृत्तीतून उपसंहारच गळला. इश्माएल वाचला कसा, हे त्या उपसंहारात सांगितले आहे. तो नसल्यामुळे टीकाकारांनी साहजिकच विचारले की सारेच बुडाले, तर ही कथा सांगतो कोण? ग्रंथाच्या नशिबी उपेक्षा आली. लेखकाच्या हयातीत अमेरिकेत तिच्या तीन हजारांच्या आसपास प्रती खपल्या. मेलव्हिलने पुढे एकोणीस वर्षे न्यूयॉर्कच्या जकात खात्यात नोकरी केली आणि १८९१ मध्ये तो जवळजवळ विस्मृतीतच वारला. १९२० नंतर जगाने त्याला पुन्हा शोधून काढले. एक पान गाळल्याने ग्रंथाचा अर्थ कसा कोलमडतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. या लेखाचा विषयही एका परीने गाळलेल्या पानांचाच आहे.

एकट्याने वाचणारा माणूस पाने गाळतो. ‘मोबी डिक’च्या बाबतीत तर हे सर्रास घडते. कथा रंगात आली असताना लेखक मध्येच थांबतो आणि देवमाशांच्या जाती, त्यांच्या कवटीची रचना, चरबी वितळवण्याच्या भट्ट्या, दोरखंडाचे पीळ यांवर प्रकरणेच्या प्रकरणे लिहितो. अनेक वाचक येथे पाने उलटतात. संक्षिप्त आवृत्त्यांनी तर ही प्रकरणे छाटूनच टाकली. सामूहिक वाचनात मात्र ही सोय नाही. ज्याच्या वाट्याला देवमाशाच्या शेपटीचे वर्णन आले, त्याला ते वाचलेच पाहिजे आणि बाकीच्यांनी ऐकलेच पाहिजे. पारायणाचा हा पहिला धर्म आपल्याकडील कोणताही वारकरी सांगेल. ज्ञानेश्वरीच्या सप्ताहात आवडीचा अध्याय तेवढा वाचून उठता येत नाही.

आणि मग एक चमत्कार घडतो. मध्यरात्र उलटून गेल्यावर, अर्धे श्रोते पेंगत असताना, हीच कंटाळवाणी म्हटली जाणारी प्रकरणे निराळी ऐकू येऊ लागतात. देवमाशांची शिकार तीन-तीन वर्षे चाले. त्यातले रोमांचक क्षण मोजकेच. बाकी सारे वाट पाहणे, धुणेपुसणे, दोर वळणे. मेलव्हिलने कादंबरीच्या लांबीत खलाशाच्या त्या कंटाळ्याला जागा दिली आहे. श्रोता जेव्हा तो कंटाळा स्वतः सोसतो, तेव्हा या प्रकरणांचे कादंबरीतील प्रयोजन त्याला कळते. जे छापील पानावर दोष वाटते, ते कानाला रचनेचा भाग वाटते. ‘मोबी डिक’ ही मुळात ऐकण्याची कादंबरी आहे, हे या उत्सवाने सिद्ध केले असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

दुसरी गोष्ट आवाजांची. पेक्वाडवरील खलाशी जगाच्या कानाकोपऱ्यातून आलेले आहेत. भाला फेकणाऱ्या तिघांत एक दक्षिण समुद्रातील बेटाचा, एक अमेरिकेतील आदिवासी आणि एक आफ्रिकी. चाळिसावे प्रकरण तर नाटकासारखे लिहिले आहे. त्यात पोर्तुगीज, माल्टीज, सिसिलियन, चिनी असे खलाशी एकेक बोलून जातात. त्यांच्यात एक हिंदी लस्करही आहे. आपल्या किनाऱ्यावरचे कितीतरी खलाशी त्या काळी परदेशी गलबतांवर याच नावाने ओळखले जात. उत्सवात हे प्रकरण रंगमंचावर सादर होते. एरवीच्या वाचकांतही विद्यार्थी असतात, मच्छीमार असतात, प्राध्यापक, लोकप्रतिनिधी, धर्मोपदेशक असतात. कुणाचे उच्चार सफाईदार, तर कुणी अडखळत वाचतो. अझोर्स आणि केप व्हर्द बेटांतून आलेल्या पोर्तुगीजभाषक कुटुंबांची या गावात मोठी वस्ती आहे. अझोर्सच्या खलाशांचा उल्लेख मेलव्हिलने आवर्जून केला आहे. म्हणून कादंबरीची एक संक्षिप्त वाचनमाला पोर्तुगीज भाषेतही होते. अहाब गलबतावरील साऱ्या आवाजांना आपल्या एका आवाजाखाली दडपतो. उत्सवात तीच कथा दीडशेहून अधिक कंठांतून येते आणि त्या दडपलेल्या आवाजांना जणू त्यांचा हक्क परत मिळतो. उत्सवाची खरी समीक्षात्मक कामगिरी ही आहे.

आता प्रवचनाकडे वळू. सातव्या ते नवव्या प्रकरणांत इश्माएल खलाशांच्या प्रार्थनामंदिरात जातो. हे मंदिर खरोखरीचे आहे. १८३२ साली उघडलेले ते ‘सीमेन्स बेथेल’ संग्रहालयाच्या समोरच उभे आहे, आणि ही प्रकरणे वाचायला श्रोते रस्ता ओलांडून तेथे जातात. भिंतींवर संगमरवरी शिळा आहेत आणि त्यांवर समुद्रात गेलेल्यांची नावे. त्यांची थडगी नाहीत, कारण देहच हाती लागले नाहीत. कोळीवाड्यातील आपल्या बंधुभगिनींना याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. वादळात गेलेली होडी परतली नाही, तर घरच्यांना दफनविधीचेही समाधान मिळत नाही. अशा भिंतींमध्ये बसून, कादंबरीतल्या त्याच भिंतींचे वर्णन ऐकताना साहित्य आणि जीवन यांमधले अंतर क्षणभर नाहीसे होते.

येथे फादर मॅपल योनावर प्रवचन करतो. ‘फादर’ म्हटले तरी तो प्रॉटेस्टंट उपदेशक आहे. बॉस्टनमधील खलाशांचा प्रसिद्ध मेथडिस्ट उपदेशक एडवर्ड टेलर यालाही लोक ‘फादर’च म्हणत, आणि मॅपल बऱ्याच अंशी त्याच्यावर बेतला आहे. प्रवचन अप्रतिम आहे. देवापासून पळणारा योना गलबतावर कसा येतो, भाडे कसे आगाऊ भरतो, कोठडीत त्याचे मन त्याला कसे खाते, हे सारे मॅपल खलाशांच्या बोलीत, खलाशांच्या अनुभवातून उभे करतो. आपल्या देवळांतून प्रवचन करणाऱ्यांनी ते एक आदर्श म्हणून अभ्यासावे.

परंतु बायबल जाणणाऱ्या श्रोत्याला येथे एक गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही. योनाचा ग्रंथ चार अध्यायांचा आहे. मॅपलचे प्रवचन योनाची अवज्ञा, त्याचा पश्चात्ताप आणि सत्य निर्भयपणे सांगण्याची आज्ञा येथवर येते आणि थांबते. निनवेच्या लोकांनी गोणपाट नेसून पश्चात्ताप केला, देवाने त्यांना क्षमा केली, त्या क्षमेनेच योना रुसला, आणि सुकलेल्या वेलीच्या निमित्ताने देवाने त्याला करुणेचा धडा दिला, हा तिसऱ्या-चौथ्या अध्यायांतला भाग प्रवचनात नाही. वैऱ्यालाही देवाची दया मिळू शकते, हाच तर योनाच्या ग्रंथाचा गाभा. मॅपल तो गाळतो. हे अनवधान मॅपलचे असेल, मेलव्हिलचे खात्रीने नाही. कारण पुढची सारी कादंबरी म्हणजे करुणेचा अध्याय गाळलेल्या योनाचीच कथा आहे. अहाबला समुद्र दिसतो, देवमासा दिसतो, आपले दुःख दिसते. वेलीखाली बसून ऐकायचा तो शेवटचा प्रश्न मात्र त्याच्या कानी पडत नाही.

तो प्रश्न कादंबरीत एकदा येतो. १२८ व्या प्रकरणात ‘राहेल’ नावाचे गलबत पेक्वाडला भेटते. त्याच्या नाखव्याचा बारा वर्षांचा मुलगा होडीसकट बेपत्ता झाला आहे. तो बाप अहाबला विनवतो की शोधात मदत कर, तुलाही एक मुलगा आहे. अहाब नकार देतो, कारण त्याला देवमाशाच्या मागे जायचे आहे. एकट्याने वाचताना हा प्रसंग करुण वाटतो. रात्रभर जागून, रविवारी सकाळी, शेकडो माणसांच्या निःशब्द सभेत तो ऐकताना जड होतो. समोर बसलेल्यांत कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी मुलगा समुद्रावर असतो. आणि अखेरीस इश्माएलला पाण्यातून उचलून घेते ते हेच ‘राहेल’ गलबत, आपले लेकरू शोधत फिरता फिरता. गाळलेला चौथा अध्याय मेलव्हिलने असा उपसंहारात परत आणला आहे. लंडनच्या आवृत्तीतून नेमका तोच उपसंहार गळाला होता, ही केवढी विटंबना!

ग्रंथाचे दोषही सांगितले पाहिजेत. फेदल्ला हे पात्र मेलव्हिलने पारशी म्हणून रंगवले आहे. तो अहाबचा सावलीसारखा सोबती, अग्निपूजक, जवळजवळ सैतानाचा दूत. ज्यांनी मुंबईत पारशी शेजाऱ्यांबरोबर पिढ्या काढल्या, त्यांना हे चित्र विपर्यस्त आणि अन्यायाचे वाटेल, आणि ते तसे आहेही. पंचावन्नाव्या प्रकरणात लेखक देवमाशाचे सर्वांत जुने चित्र घारापुरीच्या लेण्यात असल्याचे सांगतो आणि विष्णूच्या मत्स्यावताराचा दाखला देतो. घारापुरीची लेणी शिवाची आहेत. तेथील प्रसिद्ध शिल्पपटांत मत्स्यावतार नाही. साधारण हिशेबाने हे प्रकरण न्यू बेडफर्डला मध्यरात्रीच्या सुमारास वाचले जाते, तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ असते आणि मुंबईच्या धक्क्यावरून घारापुरीच्या लाँचेस सुटत असतात. तेथे बसलेल्या श्रोत्याला ही चूक कळण्याचा मार्ग नाही. एकत्र वाचनाने ग्रंथाची गोडी वाढते, परंतु चूक आपोआप दुरुस्त होत नाही. त्यासाठी निराळ्या अंगणातला श्रोताही सभेत असावा लागतो.

उत्सवाविषयीही दोन आक्षेप घेता येतील. त्याला ते लोक ‘मॅरेथॉन’ म्हणतात. शब्द शर्यतीचा आहे, आणि शर्यतीत पोचण्याला महत्त्व येते. शेवटपर्यंत जागणाऱ्यांचे कौतुक होते. त्यांनी काय ऐकले, हे विचारायला कुणी नसते. शिवाय घड्याळाच्या काट्यावर वाचक बदलतो, तेव्हा प्रसंगाचा धागा कधी कधी मध्येच तुटतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बेथेलमध्ये आज गलबताच्या नाळेच्या आकाराचे एक व्यासपीठ आहे. ते मेलव्हिलच्या काळी नव्हते. त्याने ते कल्पिले होते. १९५६ मध्ये या कादंबरीवर चित्रपट निघाला, पाहुणे येऊन ते व्यासपीठ कुठे आहे म्हणून विचारू लागले, तेव्हा १९६१ साली ते बांधण्यात आले. लोकांच्या हौसेसाठी कल्पना अशी लाकडात उतरली. उत्सव वाढला की ग्रंथाचेही असे होण्याचा धोका असतो; ग्रंथ राहतो बाजूला आणि त्याचे प्रदर्शन मांडले जाते. न्यू बेडफर्डने हा धोका बऱ्याच अंशी टाळला आहे, याचे श्रेय एकाच गोष्टीला द्यावे लागेल. तेथे भाषणे होतात, स्पर्धा होतात, खाणेपिणेही होते, पण ग्रंथ अखेरच्या ओळीपर्यंत वाचला जातो.

वाचकहो, आपण या कसोटीवर कोठे उभे आहोत? सामूहिक वाचन आपल्याला परके नाही. झावळ्यांच्या रविवारी आपण प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत निवेदक, ख्रिस्त आणि जनसमुदाय अशा आवाजांत वाटून वाचतो, आणि ‘जनसमुदाय’ म्हणून नको ते शब्द स्वतःच्या तोंडून उच्चारताना अंगावर काटा येतो. पण पास्काच्या जागरणविधीत जुन्या करारातील सात वाचने असताना किती ठिकाणी ती सातही होतात? उपासनेचे नियम संख्या कमी करण्याची मुभा देतात आणि आपण ती मुभा आनंदाने घेतो. उशीर होतो, मुले पेंगतात, ही कारणे खोटी नाहीत. न्यू बेडफर्डलाही माणसे पेंगतात.

आणि आपला स्वतःचा महाग्रंथ? फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट १५७९ साली गोव्यात आला, आणि १६१६ मध्ये रायतूर येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापून निघाले. जवळपास अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ मुळात ऐकण्यासाठीच रचलेला होता. ज्या नवख्रिस्ती लोकांचे पुराणश्रवण तुटले होते, त्यांच्या कानांना काहीतरी हवे होते, आणि ओवीने ते दिले. तो देवळांतून, घरांतून मोठ्याने वाचला गेला. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने देशी भाषांवर बंदीचा हुकूम काढला. तरीही पुढे १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी तो पुन्हा छापला, १९५६ साली शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती आली, १९९६ साली फादर कारिदाद द्राग यांची, आणि २००९ मध्ये फादर नेल्सन फलकाव यांनी आधुनिक मराठी गद्यासह तो आपल्या हाती दिला. लिपीची सबब उरली नाही, अर्थाचीही उरली नाही. उरले आहे ते वाचणे. पदव्यांच्या प्रबंधांत ‘ख्रिस्तपुराण’ सुखरूप आहे. घराघरांतील कानांत तो आज नाही.

येथे कुणी म्हणेल की मुले इंग्रजी शाळेत जातात, जुनी मराठी त्यांना कळायची नाही. मेलव्हिलची इंग्रजीही न्यू बेडफर्डच्या मुलांना सोपी नाही. कळणे हे नेहमी ऐकण्याच्या आधी येतेच असे नाही. पुष्कळदा ते मागून, हळूहळू येते. आपल्या आज्यांना प्रार्थनांतील किती शब्दांचे अर्थ सांगता आले असते? तरी त्या प्रार्थना त्यांच्या हाडीमासी होत्या. एका धर्मग्रामाने उपवासकाळात रोज संध्याकाळी एक अवस्वर वाचायचे ठरवले, घरटी एकेक वाचक नेमला, आवडीचे तेवढे न निवडता क्रमाने आणि न गाळता वाचले, तर एका वर्षात सारा ग्रंथ होणार नाही. दोन-तीन वर्षांत होईल. प्रारंभी श्रोते थोडे असतील. कुणी अडखळेल, कुणी ओवी चुकवील. त्याला हसू नये.

मराठीने या प्राण्याला देवमासा म्हटले, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आले आहे. अहाबला त्यात फक्त वैरी दिसला. योनाला त्याच्या पोटात प्रार्थना सुचली. मासा एकच, फरक ऐकण्याचा. ग्रंथांचेही असेच आहे. कपाटात ठेवला तर तो बोजा, एकत्र बसून ऐकला तर त्याच्या पोटातूनही किनारा गाठता येतो. न्यू बेडफर्डच्या माणसांनी एका विसरलेल्या लेखकाला असे किनाऱ्यास आणले आहे. आपला लेखक चारशे वर्षांहून अधिक काळ आपल्या हाकेची वाट पाहत आहे.